मध्यम आकाराची अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल निवडताना आणि घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फक्त अ‍ॅडव्हेंचर (म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालवायच्या) गाड्याच विकणाऱ्या एका विक्रेत्याकडे मी नऊ वर्षं काम केलं, आधी वर्कशॉपमध्ये आणि मग काउंटरवर. तिथे जे प्रश्न रोज कानावर पडायचे, त्यांची ही उत्तरं. माझी उंची १६० सेंमी आहे. उंची आणि वजन हे विषय इथे वारंवार येतील, त्याचं कारण हेच.

मध्यम म्हणजे नेमकी किती सीसीची गाडी?

पक्की व्याख्या कुठेच नाही. बोलताना लोक साधारण ४०० ते ९०० सीसीच्या गाड्यांना मध्यम म्हणतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० (४५२ सीसी), होंडा एनएक्स ५०० (४७१), अप्रिलिया तुआरेग ६६० (६५९), यामाहा टेनेरे ७०० (६८९), होंडा ट्रान्सअल्प ७५० (७५५), सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८००डीई (७७६), ट्रायम्फ टायगर ९०० (८८८), बीएमडब्ल्यू एफ ९०० जीएस (८९५) या सगळ्या एकाच रांगेत उभ्या करतात. प्रत्यक्षात पहिली आणि शेवटची गाडी एकामागून एक चालवून पाहिली तर दोन वेगळ्या जाती वाटाव्यात इतका फरक आहे.

मला सीसीपेक्षा वजनाने मोजणं जास्त पटतं. टाकी भरलेली असताना १८० ते २३० किलोच्या मध्ये बसते ती मध्यम. या जातीचा उगमही मध्यम आकाराचाच आहे. १९८३ ची टेनेरे ६०० सीसीची होती, १९८७ च्या पहिल्या ट्रान्सअल्पचं नाव एक्सएल ६००व्ही. पुढे अ‍ॅडव्हेंचर गाड्या फुगत गेल्या, बाराशे-तेराशे सीसीपर्यंत पोचल्या, आणि गेल्या काही वर्षांत पुष्कळ लोक पुन्हा हलक्या गाडीकडे वळले.

इतके पर्याय आहेत, सुरुवात कुठून करू?

एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात तुम्ही खरोखर केलेल्या फेऱ्या लिहा. करायच्या आहेत त्या लिहू नका. शंभरातले किती किलोमीटर डांबरी होते, किती खडीचे, किती चिखल-वाळूचे? मागे कोणी बसलं होतं का? सलग सर्वांत लांबचं अंतर किती? काउंटरवर हा कागद पुढे आला की अर्धं काम व्हायचं, कारण बहुतेकांचा आकडा डांबराकडे ऐंशी-नव्वद टक्के झुकलेला असायचा. त्यात वाईट काहीच नाही. फक्त मग पुढचं चाक, टायर, सीट आणि वाऱ्याची काच यांचे निर्णय त्या ऐंशी टक्क्यांसाठी घ्यायचे, उरलेल्या वीससाठी नाही.

सीटची उंची ८५०-८७५ मिमी आहे. माझे पाय पुरतील का?

यावर मी सर्वांत जास्त बोलले आहे आणि अजूनही बोलेन.

कागदावरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. टेनेरे ७०० ची सीट ८७५ मिमी, ट्रान्सअल्पची ८५०, हिमालयन ४५० ची ८२५ ते ८४५. पण सीट पुढे किती निमुळती आहे आणि तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं, यावरून खरं गणित ठरतं. निमुळती ८६० कधी कधी रुंद ८३० पेक्षा जवळची वाटते. म्हणून रायडिंगचे बूट घालूनच बसून बघा. बुटाचा तळ दोन-तीन सेंटीमीटरची उंची सहज देतो.

दोन्ही टाचा जमिनीला लागल्याच पाहिजेत असं नाही. सीटवर थोडं एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण सपाट टेकत असेल आणि त्या एका पायावर गाडी स्थिर धरता येत असेल, तर काम भागतं. अट एकच, जमीन सपाट हवी. आणि घात तिथेच होतो.

माझी पहिली अ‍ॅडव्हेंचर गाडी मी उंचीचा विचार न करता घेतली. विक्रेत्याने शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर बसवलं, चवडे टेकले, मी खूश. तिसऱ्या आठवड्यात एका उतरत्या वळणावर थांबताना डावा पाय टाकला तो नेमका खळग्यात गेला. पायाखाली जमीन मिळेपर्यंत गाडी इतकी कलली होती की ती धरणं शक्य नव्हतं. क्लचचा लिव्हर मोडला, सामान लादलेली गाडी उचलेना, आणि पाऊण तास मी एक-एक पिशवी सोडवत बसले. त्यानंतर ज्यांना ज्यांना गाडी दाखवली, त्यांना आधी अंगणाच्या उतारावर नेऊन थांबायला सांगितलं. तुम्हीही विक्रेत्याकडे तेच मागा. शोरूमची फरशी काही सिद्ध करत नाही.

उंची कमी करायचे मार्ग आहेत. सर्वांत निर्धोक म्हणजे कंपनीची कमी उंचीची सीट. त्याने कुशन पातळ होतं, पण गाडीची भूमिती बदलत नाही. मागच्या सस्पेन्शनची लिंक (त्याला जोडणारी पट्टी) बदलून गाडी खाली आणता येते. मात्र मग पुढचे फोर्कही (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) क्लॅम्पमध्ये त्याच प्रमाणात वर सरकवावे लागतात आणि साइड स्टँड लहान करावा लागतो. नाहीतर गाडी उभी राहताना सरळच राहते आणि वाऱ्याच्या झोताने दुसऱ्या बाजूला पडते. हे तिन्ही एकत्र करून देणारा विक्रेता शोधा.

वजनाचे आकडे वेगवेगळे का दिसतात?

कारण कोणी पेट्रोल, तेल, कूलंट धरून सांगतं, कोणी न धरता. तुलना करताना दोन्ही गाड्यांचं भरलेल्या टाकीसकटचं वजन मागा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे १६ लिटरची टाकी बारा किलोची. तेच बारा किलो उंच टाकीत बसले तर जड लागतात आणि खाली दोन्ही बाजूंना उतरलेल्या टाकीत बसले तर हलके. वजन किती यासोबत ते कुठे आहे हेही बघा. ते समजायचा सोपा उपाय: इंजिन बंद करा, गाडीशेजारी उभे राहा आणि हँडल धरून तिला ढकलत आठचा आकडा काढा. दोन मिनिटांत हात सांगतात.

एक सिलिंडर, दोन की तीन?

सिंगल म्हणजे सोपं, हलकं, कमी वेगात खालून ओढणारं इंजिन. हिमालयन किंवा कावासाकीची केएलआर ६५० (६५२ सीसी) ही त्याची उदाहरणं. तासन् तास मोठ्या वेगाने जायचं असेल तर हातापायांना थरथर जाणवते.

ट्विन आज या वर्गात सर्वांत जास्त आहेत आणि त्यातल्या बहुतेकांत २७० अंशांचा क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) असतो. टेनेरे, ट्रान्सअल्प, व्ही-स्ट्रॉम ८००, तुआरेग या सगळ्या तशाच. म्हणजे दोन्ही सिलिंडर समान अंतराने पेटत नाहीत: एक पेटल्यावर २७० अंशांनी दुसरा, मग ४५० अंशांची विश्रांती. ९० अंशांच्या व्ही-ट्विनचंही हेच अंतर, म्हणून आवाज आणि धक्के तसेच लागतात. सैल मातीवर मागचं चाक कधी घसरायला लागलं हे या ठेक्यामुळे चांगलं कळतं, असं बहुतेक अनुभवी चालक सांगतात आणि मलाही ते जाणवलं आहे.

ट्रायम्फचं तीन सिलिंडरचं इंजिन डांबरावर अतिशय लोभस आहे. लांब हमरस्ते आणि दोघांचा प्रवास असेल तर ते जरूर चालवून बघा.

पुढचं चाक २१ इंची घ्यावं की १९ इंची? आणि स्पोक की अलॉय?

२१ इंची चाक खड्डा, दगड, वाळू यांवरून सहज जातं. बदल्यात डांबरी वळणांवर गाडी जरा सावकाश कलते. १९ इंची मधला मार्ग आहे. वरच्या कागदावर तुमचा खडीचा आकडा वीसच्या आत असेल तर १९ ने काहीही अडणार नाही.

अलॉय जोरात दगडावर आपटलं तर तडकू शकतं. स्पोकचं चाक वाकतं आणि बऱ्याचदा ठोकून सरळ होतं. पण साध्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते, आणि आडरानात ट्यूब बदलायची म्हणजे चाक काढा, टायर रिमवरून उतरवा, ट्यूब चिमटू न देता परत चढवा. ट्यूबलेसमध्ये रबरी पट्टी खुपसली, हवा भरली, निघालात. ट्यूबलेस स्पोक मिळत असतील तर त्यासाठी थोडं जास्त मोजायला मी नेहमी सांगते. मिळत नसतील तर विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये एकदा स्वतःच्या हाताने ट्यूब बदलून बघा. चांगला विक्रेता याला कधीच नाही म्हणत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स किती हवं?

एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) हवंच, आणि खडीसाठी मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय हवी. गाडी कललेली असताना ब्रेक सांभाळणारं एबीएस मिळालं तर डांबरावर ते जीव वाचवू शकतं. बाकी मोड, रंगीत पडदे वगैरे आवडीची बाब. २०२५ पूर्वीच्या टेनेरे ७०० वर ट्रॅक्शन कंट्रोलही (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) नव्हता आणि लोकांनी त्यावर लांबलांबच्या मोहिमा केल्या. एक गोष्ट मात्र विचारा: गाडी बंद करून चालू केल्यावर मागचं एबीएस पुन्हा आपोआप चालू होतं का? बऱ्याच गाड्यांत होतं, आणि डोंगर उतरताना ते आठवणीत नसेल तर मोठा धक्का बसतो.

सगळ्या गाड्या विकणारं शोरूम जवळ असताना खास विक्रेत्याकडे का जावं?

गाडी दोन्हीकडे तीच मिळते. फरक पडतो तो ती तुमच्या मापाची करून देण्यात आणि नंतरच्या वर्षांत.

खास विक्रेता ओळखायच्या माझ्या खुणा सांगते. एक, डेमो गाडीची बॅश प्लेट (इंजिनाखालचं संरक्षक पत्र्याचं कवच) ओरखडलेली असते. ती चकाचक असेल तर त्या दुकानातल्या कोणीही गाडी मातीत नेलेली नाही. दोन, सुट्या भागांच्या काउंटरवर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, ब्रेक पॅड, एअर फिल्टर, ऑइल फिल्टर, चेन-स्प्रॉकेटचा संच आजच्या आज हातात देतात का विचारा. लिव्हरसाठी तीन आठवडे थांबा म्हणणाऱ्याकडे ऐन हंगामात गाडी अडकते. तीन, तो तुम्हाला प्रश्न विचारतो. तुमचं वजन, उंची, आधीची गाडी, कुठे जाणार. आणि चार, गरज असेल तर तो तुम्हाला स्वस्त किंवा लहान गाडीकडे वळवतो. मी स्वतः कित्येकांना ९०० वरून ५०० वर आणलं आहे, आणि त्यातले बरेच जण पुढच्या वर्षी मित्राला घेऊन परत आले.

टेस्ट राइडमध्ये काय बघू?

वेग बघू नका. आजच्या सगळ्याच गाड्या पुरेशा पळतात.

पहिली दहा मिनिटं चालण्याच्या वेगाने जा. क्लच अर्धवट दाबून, मागचा ब्रेक हलका धरून, पूर्ण हँडल वळवून गोल फिरा. इंजिन गचके देतं का, पंख्याची गरम हवा मांडीवर येते का, हे इथेच कळतं. मग पायपेगवर उभे राहा. गुडघे टाकीला सहज चिकटतात का? हँडलपर्यंत पोचायला पाठ वाकवावी लागते का? लागत असेल तर हँडल उंच करायचे रायझर लागतील, त्याचा खर्च आताच धरा. लिव्हर बसून चालवण्याच्या हिशेबाने लावलेले असतात आणि उभं राहिल्यावर मनगट मुरडतं. विक्रेत्याला ते थोडे खाली फिरवायला सांगा, पाना फिरवायचं दोन मिनिटांचं काम आहे. त्याने ते तिथल्या तिथे केलं की नाही, यावरून दुकानही कळतं.

शेवटी अर्धा तास सरळ रस्त्यावर जा आणि वारा हेल्मेटवर आदळून डोकं हलतं का पाहा. काच उंच असली म्हणजे वारा कमी लागतो असं नसतं. कधी कधी ती वारा नेमका हेल्मेटच्या वरच्या भागावर फेकते.

सस्पेन्शन माझ्यासाठी लावून देतात म्हणजे काय करतात?

तुमच्या वजनाने मागचा भाग किती बसतो ते मोजतात. त्याला सॅग म्हणतात. गाडी उचलून मागचं चाक लोंबकळतं ठेवायचं आणि ॲक्सलपासून वरच्या एखाद्या ठरावीक बिंदूपर्यंत टेप लावायची. मग तुम्ही पूर्ण पोशाखात आणि नेहमीच्या सामानासह बसायचं, एकाने गाडी सरळ धरायची आणि पुन्हा तेच अंतर मोजायचं. दोन्हींतला फरक सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाजवळ हवा. मागे २०० मिमी हालचाल असेल तर साठ-पासष्ट मिमी.

फरक जास्त आला तर प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) वाढवतात. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही, फक्त गाडी वर उचलली जाते. प्रीलोड शेवटपर्यंत फिरवूनही सॅग जमत नसेल, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंगच मऊ आहे आणि ती बदलायला हवी. साठ किलोच्या माणसाला आणि शंभर किलोच्या माणसाला एकच स्प्रिंग कशी पुरेल? गाडी घेतानाच हे बोलून घ्या. नंतर सगळा दोष गाडीच्या डोक्यावर मारला जातो.

नवी घ्यावी की वापरलेली?

या गाड्या बऱ्याचदा वर्षभर चालवून विकल्या जातात, त्यामुळे चांगली वापरलेली गाडी मिळते. त्या गॅरेजबाहेर क्वचित निघतात किंवा दगडांवर आपटून घेतात, मधलं फार कमी. ओरखड्यांना घाबरू नका, आतलं बघा.

सीट काढायला सांगा आणि एअर फिल्टरच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूच्या नळीत, स्वच्छ बोट फिरवा. बोटावर मातीचा कण आला तर ती गाडी सोडा. ती धूळ आत जाऊन सिलिंडर घासते. मग बॅश प्लेटखाली वाकून सायलेन्सरच्या नळ्या आणि ऑइल फिल्टर पाहा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. जिथे ते चौकटीला टेकतं तिथला लोखंडी टेकू चेपलेला असेल तर गाडी जोरात पडलेली आहे. पुढचं चाक हवेत ठेवून हँडल सावकाश फिरवा, मधोमध खाचेत अडकल्यासारखं झालं तर बेअरिंग गेलं. फोर्कच्या चकाकत्या नळीवर तेलाची कड दिसते का बघा. पॅनियरचे (बाजूच्या सामानपेट्यांचे) स्टँड जिथे मागच्या चौकटीला बसतात तिथे वाकलेलं किंवा पुन्हा रंगवलेलं काही आहे का? शेवटी एक छोटा पाना घेऊन प्रत्येक स्पोकवर टिचकी मारा. घट्ट स्पोक टणटणीत वाजतो, ढिला भद्द. एक-दोन भद्द वाजले तर काळजी नाही, सलग पाच-सहा वाजले तर रिम वाकलेली असू शकते.

विक्रेत्याकडची डेमो गाडीही विचारात घ्या. तिला अनेक हात लागलेले असतात, पण सर्व्हिस वेळेवर झालेली असते आणि इतिहास समोर असतो.

गाडी बरेच दिवस शोरूममध्ये उभी आहे, चालेल का?

चालेल, पण टायरच्या बाजूवर छापलेला चार अंकी आकडा वाचा. २३२३ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. बॅटरीही तपासून घ्या आणि वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून सुरू होईल हे लेखी घ्या.

ॲक्सेसरीज आधी कोणत्या?

बॅश प्लेट, धातूच्या दांड्याचे हँडगार्ड आणि तुमच्या रस्त्याला शोभतील असे टायर. इंजिनाला क्रॅश गार्ड. बाकी सगळं पहिल्या दोन-तीन प्रवासांनंतर घ्या, तोवर काय लागतं ते तुम्हालाच कळेल.

ॲल्युमिनियमच्या पेट्यांचा मोह सगळ्यांना होतो. डांबरावर त्या उत्तम, कुलूप लावता येतं. मातीत मात्र तोल जाताना आपण पाय टाकतो आणि कडक पेटी मागून येऊन पिंढरीवर बसते. पाय असे मोडलेले मी पाहिले आहेत. कच्च्या रस्त्यावर मऊ पिशव्याच बऱ्या.

मागे जोडीदार असतो. काय बघू?

गाडीचा कमाल भार किती ते माहितीपुस्तिकेत बघा, त्यातून दोघांचं पोशाखासकट वजन वजा करा. उरेल तेवढंच सामान. आणि टेस्ट राइडला जोडीदाराला घेऊन जा.

ताबा घेताना आणि पहिल्या हजार किलोमीटरमध्ये काय सांभाळू?

चेसिस आणि इंजिनचा क्रमांक कागदांशी स्वतः जुळवा. दोन्ही किल्ल्या, हत्यारांची पिशवी, सर्व्हिस पुस्तिका घ्या. ॲक्सेसरीज बसवल्याने वॉरंटी जात नाही, हे बिलावर लिहून घ्या.

मग चेन. या गाड्यांची मागची हालचाल मोठी असते. सस्पेन्शन दबताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या हाताचा) खिळा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात त्या क्षणी चेन सर्वांत ताणलेली असते. उभ्या गाडीवर ती सैल, लोंबती दिसणंच बरोबर असतं. नजरेला बरी वाटेल अशी घट्ट केली, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यात सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. वर्कशॉपमध्ये मी सर्वांत जास्त वेळा हीच चूक दुरुस्त केली. माप पुस्तिकेत दिलेलं असतं, ते पट्टीने मोजा.

पहिली सर्व्हिस बहुधा हजार किलोमीटरच्या आसपास येते. ती चुकवू नका. तेलासोबत स्पोक पुन्हा ताणले का, स्टीअरिंगचं बेअरिंग तपासलं का, हे विचारा. नवीन चाकाचे स्पोक थोडे ढिले होतातच.

गाडी पडली तर एकटीने उचलता येईल का? विक्रेता शिकवतो का?

शिकवायला हवं, आणि गाडी ठरवण्याआधीच. जुनी डेमो गाडी गवतावर आडवी करून द्या म्हणा. आधी इंजिन बंद आणि गाडी गिअरमध्ये, म्हणजे ती घरंगळणार नाही. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आत्ताच उघडून ठेवा, नाहीतर उचलल्यावर ती पलीकडे जाईल. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेका, एका हाताने जमिनीजवळची मूठ, दुसऱ्या हाताने मागचा दांडा किंवा चौकट धरा. पाठ ताठ, जोर मांड्यांचा, आणि बारीक पावलं टाकत मागे मागे चाला. शेवटच्या टप्प्यात गाडी एकदम हलकी होते, तिथे जोर कमी करा. ती साइड स्टँडवर पूर्ण टेकली हे नजरेने पाहिल्यावरच हात सोडा. तीन प्रयत्नांत उचलली गेली नाही, तर त्याच दिवशी शेजारची हलकी गाडी मागून घ्या आणि तिच्यावर पुन्हा करून बघा.